बँक सोडून सौरप्रकल्पांच्या वकिलीत उतरू का?

पत्राचा गोषवारा

पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत आठ वर्षं विधी अधिकारी म्हणून काम करताहेत. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचे टायटल सर्च रिपोर्ट म्हणजे मालकीहक्काच्या तपासाचे अहवाल बघणं, गहाणाची कागदपत्रं व्हेट करणं, सरफेसी (थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेण्याचा कायदा) खालच्या नोटिसा काढणं आणि डीआरटी म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणातल्या तारखांचा पाठपुरावा करणं हे त्यांचं रोजचं काम. गेल्या वर्षी बँकेनं एका सौरप्रकल्पाच्या कन्सॉर्शियम (अनेक बँकांनी मिळून दिलेल्या) कर्जात भाग घेतला. ती फाइल त्यांच्या टेबलावर आली आणि खरी वकिली इथे आहे असं त्यांना वाटू लागलं. आता मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या लॉ फर्मनं बँकिंग आणि प्रोजेक्ट फायनान्सच्या टीममध्ये सीनियर असोसिएट म्हणून बोलावलं आहे. पगार जास्त आहे, पण टीममधले वरिष्ठ वयानं चार-पाच वर्षांनी लहान आहेत. घरी सहा वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याचा पाठिंबा आहे. सासूबाई म्हणतात, बँकेची नोकरी कोणी सोडतं का? त्यांचे प्रश्न असे: आठ वर्षं कारकुनीत गेल्यावर आता फार उशीर झाला का? आधी परदेशातून एलएलएम करावं का? आणि पर्यावरणासाठी काही करायचं मनात असेल तर हा रस्ता बरोबर आहे ना?

उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या आठ वर्षांबद्दल बोलू. फर्म, एलएलएम, सासूबाई हे सगळं नंतर. आजवर जे केलं ते वाया गेलं आणि खरं काम आता कुठे सुरू व्हायचं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते या कर्जांच्या स्वभावातच आहे.

नेहमीच्या कर्जात बँक कंपनीचा ताळेबंद बघते, प्रवर्तकाची पत बघते, कारखाना गहाण घेते. सौर किंवा पवन प्रकल्पात कर्ज घेणारी कंपनी बहुधा त्या एका प्रकल्पापुरती काढलेली एसपीव्ही असते, कालपरवा नोंदवलेली. तिच्याकडे ना विक्री, ना यंत्रं, ना जुना हिशेब. असतात ते नुसते कागद: जमिनीचे करार, वीज खरेदी करार म्हणजे पीपीए, ग्रीड जोडणीची मंजुरी, प्रकल्प उभारणीचं म्हणजे ईपीसी कंत्राट. कर्ज फिटायचं ते पुढची पंधरा-अठरा वर्षं विजेच्या बिलांतून येणाऱ्या पैशातून. प्रकल्प एकदा सुरळीत चालू झाला की प्रवर्तकाच्या खिशात हात घालायची मुभा बँकेला बहुतेक वेळा उरत नाही. त्यामुळे कागदात भोक असेल तर ते थेट कर्जाला पडलेलं भोक असतं. आणि बाकी सगळे कागद ज्याच्यावर रचलेले असतात, तो जमिनीचा.

सौरप्रकल्पाला मेगावॉटमागे साधारण चार ते पाच एकर जागा लागते. ५० मेगावॉट म्हणजे दोनशे ते अडीचशे एकर. महाराष्ट्रात इतकी जमीन एका मालकाकडून सहसा मिळत नाही. डझनावारी गट नंबर आणि त्यांवर ढिगानं खातेदार. तुमच्याकडे रोज येतो तसा एक सातबारा समोर धरा. कब्जेदार म्हणून तीन भावांची नावं. मधला वारलेला, वारसनोंद नाही. बहिणींचा कुठेच उल्लेख नाही. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा. कर्ज कधीच फिटलं असं तोंडी सांगतात, पण बोजा उतरवल्याचा फेरफार सापडत नाही. भूधारणा पद्धतीपुढे भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं. आणि प्रवर्तकाच्या माणसानं दोन हयात भावांच्या सह्या घेऊन २९ वर्षांचा भाडेपट्टा नोंदवूनही टाकलेला. हा उतारा हातात पडल्याबरोबर तुम्ही काय काय मागाल ते तुम्हाला विचार करावा लागणार नाही. वारसांची नोंद, बहिणींचं हक्कसोड किंवा संमती, सोसायटीचा दाखला, वर्ग-२ असल्यानं सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, आणि खातेदारांत कोणी आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांचा स्वतंत्र विचार.

मोठ्या फर्ममधल्या पुष्कळ हुशार वकिलांना हे जमत नाही. त्यांना हा उतारा वाचायची वेळच आलेली नसते. ते स्थानिक वकिलाकडून अहवाल मागवतात, शेवटचं पान बघतात आणि ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ दिसलं की सीपीच्या, म्हणजे पैसे सोडण्याआधीच्या अटींच्या, यादीत खूण करून पुढे सरकतात. तो अहवाल लिहिणाऱ्यानं मधल्या कुठल्या पानावर ‘वारसनोंदीच्या अधीन’ म्हणून ठेवलेलं असतं, ते पाच वर्षांनी कोणीतरी दिवाणी दावा लावल्यावर वाचलं जातं.

हे कसब आता नियमातही आलं आहे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये प्रकल्प कर्जांसाठी नवे निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. सरकारी-खासगी भागीदारीतले आणि पारेषण वाहिन्यांचे प्रकल्प सोडले तर इतर पायाभूत प्रकल्पांत लागणाऱ्या जमिनीपैकी किमान ७५ टक्के जमीन उपलब्ध असल्याची खात्री पैसे सोडण्याआधी करून घ्यायची आहे. वरच्या उताऱ्यातली जमीन त्या ७५ टक्क्यांत धरायची की नाही, हे एक्सेलच्या तक्त्यात ठरत नाही.

दुसरी गोष्ट सरफेसीची. त्या कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमिनीवरचं तारण वगळलं आहे, हे तुम्ही किती नोटिसांच्या उत्तरांत वाचलं असेल! जमीन महसुली दप्तरात शेतीचीच राहिली आणि वर पॅनेल उभे राहिले, तर उद्या कर्ज थकल्यावर कर्जदाराचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. कर्जाचे करार लिहिणाऱ्या वकिलांपैकी बऱ्याच जणांनी एकही कर्ज बुडताना जवळून पाहिलेलं नसतं. त्यांच्या दृष्टीनं सही झाली, पैसे गेले, मेजवानी झाली, काम संपलं. तुम्ही उलट्या टोकाकडून आला आहात. ताबा घ्यायला गेल्यावर काय होतं, कुठल्या कागदावरची कुठली सही नसल्यामुळे डीआरटीत तीन वर्षं जातात, चार्ज म्हणजे तारणाचा बोजा ३० दिवसांत नोंदवला नाही तर पुढे काय धावपळ होते, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. तेव्हा मुलाखतीत ही आठ वर्षं खाली मान घालून सांगू नका.

आता तुमच्याकडे काय नाही, ते. तेही स्पष्टच सांगते, कारण ती उणीव खरी आहे.

तुम्ही तारण वाचता. पैसा कसा येतो ते अजून वाचत नाही. प्रकल्प कर्जात दोन्ही एकत्र वाचावं लागतं, आणि तिथे मुख्य दस्तऐवज पीपीए. साधारण २५ वर्षांचा हा करार विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६३ खालच्या निविदेतून आलेला असतो आणि दर त्यात पक्का असतो. निविदा जिंकली त्या दिवशी दर ठरला. पॅनेल यायचे ते वर्षा-दीड वर्षानं. मधल्या काळात सरकारनं कर बदलला तर? जुलै २०१८ मध्ये आयात सौर सेल आणि पॅनेलवर २५ टक्के सेफगार्ड ड्यूटी लागली. एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के सीमा शुल्क आलं. हा वाढीव खर्च वीज घेणाऱ्यानं द्यायचा की प्रकल्पवाल्यानं सोसायचा, यावर वीज आयोगांपुढे आणि मग ॲपटेल या विजेच्या अपील न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. सगळी ‘चेंज इन लॉ’ या एका कलमावर. सप्टेंबर २०२५ मध्ये वारा उलटा फिरला आणि सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आता तेच कलम वीज घेणारा आपल्या बाजूनं वाचू शकतो: तुमचा खर्च कमी झाला, दर कमी करा. बँकेच्या वकिलानं दोन्ही बाजूंनी विचार करायचा असतो. भरपाई मिळायला तीन वर्षं लागली तर तोवर वाढीव खर्च कोण भरणार? प्रवर्तकानं तसं लिहून दिलं आहे का, आणि किती रकमेपर्यंत?

मग पैसे वेळेवर येतात का, हा प्रश्न. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये नव्या सरकारनं पवन आणि सौर विजेचे आधीचे दर जास्त आहेत म्हणून ते पुन्हा ठरवायला घेतले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मार्च २०२२ मध्ये उत्पादकांच्या बाजूनं निकाल दिला, पण तोवर त्यांना तात्पुरत्या, कमी दरानं पैसे मिळत होते आणि तेही रखडत. कागदावर करार शाबूत, खात्यात पैसे नाहीत. अशा वेळी टीआरए म्हणजे प्रकल्पाची कमाई जमा होते त्या खात्यातून आधी कोणाचे पैसे जायचे, डीएसआरए या हप्त्यांच्या राखीव खात्यात एक तिमाही ठेवली होती की दोन, हे ठरवणारी कलमं एकदम जिवंत होतात. सही करताना ती सगळ्यांना छापील वाटतात.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर? गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध अमित गुप्ता हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल जरूर वाचा. सौरप्रकल्पाच्या कंपनीकडे कमाईचं साधन म्हणून एकच पीपीए होता, आणि ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली एवढ्याच कारणावरून वीज घेणारी कंपनी तो रद्द करायला निघाली होती. न्यायालयानं एनसीएलटीला, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या न्यायाधिकरणाला, हे थांबवता येतं असं म्हटलं, पण निकाल त्या प्रकरणातल्या परिस्थितीपुरता जपून लिहिला. तो वाचताना आपण कर्ज दिलेली बँक आहोत असं समजून वाचा.

मला स्वतःला सगळ्यात मजा येते ती ग्रुप कॅप्टिव्हच्या फायलींत. काही उद्योग एकत्र येऊन सौरप्रकल्पात भागीदार होतात आणि त्याची वीज वापरतात. विद्युत नियम २००५ प्रमाणे या वापरकर्त्यांकडे किमान २६ टक्के मालकी हवी आणि तयार होणाऱ्या विजेपैकी निदान ५१ टक्के त्यांनी वापरायला हवी. तरच क्रॉस सबसिडी अधिभार (वितरण कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेतल्याबद्दलचा) लागत नाही, आणि सगळं गणित त्या वाचलेल्या अधिभारावर उभं असतं. आता बँकेला सवयीनं सगळेच शेअर तारण हवे असतात. समजा मिळाले. कर्ज थकलं, बँकेनं शेअर तिसऱ्याला विकले. २६ टक्क्यांची अट मोडली, प्रकल्प कॅप्टिव्ह राहिला नाही, अधिभार लागला, आणि ज्या कमाईतून वसुली व्हायची तीच आटली! म्हणून तिथे वापरकर्त्यांच्या हिश्शाचं काय करायचं हे वेगळं लिहावं लागतं. त्यात बँकिंग नियमन कायद्याचं कलम १९ आहेच, ज्यामुळे एका बँकेला कुठल्याही कंपनीचे ३० टक्क्यांहून जास्त शेअर तारण ठेवता येत नाहीत. ते तुम्हाला माहीत आहे. विद्युत नियम तुमच्या शेजारच्या वकिलाला माहीत असतील. दोन्ही एकाच डोक्यात असलेली माणसं फार नाहीत, आणि तुम्हाला तिथे पोचायचं आहे.

ही उणीव भरून काढायला परदेशी एलएलएमची गरज आहे का? माझ्या मते नाही. शिकवण्यात किंवा परदेशात काम करण्यात रस असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला हवं ते इथे फुकट उघड्यावर पडलं आहे. सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या वीजखरेदीच्या निविदांबरोबर पीपीएचा मसुदा जाहीर होतो. केंद्रीय आणि राज्य वीज आयोगांचे आदेश त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. एक मसुदा घ्या, त्याच मसुद्यावरून झालेले दोन-तीन वाद शोधा आणि ज्या कलमावरून वाद झाला ते कलम मूळ मसुद्यात परत वाचा. शिवाय तुमच्या बँकेत ती गेल्या वर्षीची फाइल आहेच. तुमच्या कामाच्या कक्षेत बसत असेल तर मंजुरीची टिपणी, कॉमन लोन ॲग्रीमेंट, टीआरए करार आणि लेंडर्स इंजिनिअरचा अहवाल ओळीनं वाचा, आणि एका कोऱ्या कागदावर एवढंच लिहा: पैसा कोणाकडून येतो, कशामुळे थांबू शकतो, थांबला तर कोण भरतो. तिसऱ्या रकान्यात जिथे काहीच लिहिता येत नाही तिथे बोट ठेवा आणि कर्ज विभागातल्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्याला विचारा. डीएससीआर (कमाई हप्त्याच्या किती पट) म्हणजे काय, तो पी-५० वर काढला की पी-९० वर, म्हणजे वीजनिर्मितीच्या मधल्या अंदाजावर की सावध अंदाजावर, हे तोच माणूस कुठल्याही प्राध्यापकापेक्षा सोपं करून सांगेल. लोकांना आपलं काम समजावून सांगायला आवडतं. वकिलांनी विचारलं तर जरा जास्तच.

उशिराबद्दल फार बोलत नाही. ३४ हे वय या कामात लवकरचंच. लहान वयाच्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करणं पहिले काही महिने टोचेल. त्याच्याकडून ड्राफ्टिंग शिका, त्याला सातबारा शिकवा.

पर्यावरणाचा प्रश्न मात्र मला थोडा खोदून विचारावासा वाटतो. तुम्ही कोणाच्या वकील होणार आहात? बँकेच्या. प्रकल्प सौर असला तरी तुमचं काम बँकेचे पैसे परत येतील हे बघणं. सौर म्हणजे आपोआप चांगलं, असं धरून गेलात तर पहिल्या वर्षभरातच गोंधळ उडेल. माळढोक पक्ष्याचं प्रकरण आठवा. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातच्या मोठ्या पट्ट्यात विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. त्याच पट्ट्यात देशातले कित्येक मोठे सौर-पवन प्रकल्प उभे राहत होते. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो आदेश बदलून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या कलमांत धरला. एका बाजूला नामशेष होत आलेला पक्षी, दुसऱ्या बाजूला हरित वीज, आणि बँकेचा वकील विचारतो: तारा जमिनीखालून न्यायच्या तर खर्च कोणाचा, आणि प्रकल्प चालू करायची तारीख पुढे जाणार का? त्याचं ते कामच आहे. ते करताना आपण निसर्गाच्या बाजूनं उभे आहोत अशी समजूत मात्र बाळगू नये. आपल्याकडे कृषी वाहिनीच्या सौरप्रकल्पांसाठी गायरानं दिली जातात तेव्हा काही गावांतून विरोध होतो. त्या गावकऱ्यांचा वकील दुसरा कोणीतरी असतो.

पण म्हणून तुमच्या इच्छेला इथे जागाच नाही असंही नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. वनजमीन असेल तर ती परवानगी वेगळी. एरवी जनसुनावणी नाही, अहवाल नाही. अशा प्रकल्पात पाणी, चराई, गावाची वाट यांबद्दल काही बंधनकारक लिहिलं जाण्याची एक मोठी जागा म्हणजे कर्जाचा करार. परदेशी विकास बँका कर्जात असतील तर त्या सामाजिक आणि पर्यावरणीय अटी घालतातच, आणि पुष्कळदा त्या अटी परिशिष्टात पडून राहतात. पुढचा हप्ता सोडण्याच्या अटींत त्या आणून बसवणारा वकील काही करून दाखवतो, तेही आवाज न करता. तुमचं समाधान तेवढ्यात होणार असेल तर या. त्याहून जास्त हवं असेल तर तो मार्ग बँकिंगमधून जात नाही, आणि तो दुसरा मार्ग कमी प्रतीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही.

आता निर्णयाकडे. तुम्ही प्रश्न बँक की ही फर्म असा मांडला आहे. इतकी दोनच दारं नाहीत. मोठ्या बँकांत प्रकल्प कर्जांचे वेगळे विभाग असतात. तिथे बदली मागून बघितली आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. इरेडा, पीएफसी, आरईसी या सरकारी वित्तसंस्थांत विधी अधिकारी लागतात, आणि इरेडा तर १९८७ पासून याच क्षेत्राला कर्ज देते आहे. प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांना जमीन समजणारे वकील कायम हवे असतात. तिथे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसाल, आणि जमीन मिळवण्याचा दबाव तुमच्यावर येईल. तो सगळ्यांना झेपत नाही. बँकांच्या वतीनं तारण सांभाळणाऱ्या सिक्युरिटी ट्रस्टी कंपन्याही आहेत, पण तिथे तुम्ही सध्या करता त्याच्याच जवळचं काम मिळेल, तेव्हा ते मी सुचवणार नाही.

फर्मबद्दल माझं मत एका गोष्टीवर ठरतं: तिथे तुम्हाला करार लिहायला मिळणार की फक्त क्लोजिंग करायला? काही टीममध्ये सीनियर असोसिएट म्हणजे सीपीच्या यादीमागे धावणारा माणूस. बोर्ड रिझोल्यूशन आलं का, स्टॅम्प ड्यूटी भरली का, मूळ दस्त ट्रस्टीकडे पोचले का. ते तुम्ही बँकेत बसून, पेन्शनचा हप्ता जमा होत असताना करता आहातच. तेव्हा भागीदाराला सरळ विचारा की मागच्या वर्षी टीमनं किती कामं कर्जदात्यांच्या बाजूनं केली, लोन ॲग्रीमेंटचा पहिला मसुदा कोणी लिहिला, पीपीए आणि ईपीसीवरचा ड्यू डिलिजन्स अहवाल तुमच्या दर्जाचा माणूस लिहितो का, वीज आयोगापुढची कामं टीमकडे येतात का. उत्तरं गोलमोल आली तर पगार कितीही असो, थांबा. तुमच्या आठ वर्षांपैकी किती वर्षं अनुभव म्हणून धरली हेही नेमणूकपत्रात लिहून मागा. बँकेतली वर्षं अर्धीच धरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती बोलून बदलता येते, विशेषतः समोरच्याला सातबारा वाचणारं माणूस हवं असेल तेव्हा.

कामाचे तास विचाराच, पण सरासरी विचारू नका, मार्च कसा जातो ते विचारा. वर्षअखेरीला आणि प्रकल्प चालू करायची मुदत जवळ आली की रात्री-बेरात्री सह्या होतात. सहा वर्षांच्या मुलीची परीक्षाही साधारण त्याच सुमारास. हे नवऱ्याशी पाठिंब्याच्या पलीकडे जाऊन, वेळापत्रकासह बोलायचं आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते क्षेत्राच्या बाजूनं मांडून बघा. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचं सरकारचं लक्ष्य आहे, त्यामुळे काम भरपूर दिसतं. पण निविदा निघाल्या तरी वीज घ्यायला डिस्कॉम म्हणजे वितरण कंपन्या सह्या करत नाहीत म्हणून अडलेले प्रकल्पही आहेत. राजस्थानात पारेषण लाइन अपुरी असल्यानं तयार वीज सोडून द्यावी लागते. आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफी जून २०२५ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या प्रकल्पांची गणितं बदलली. नवीन कर्जं मंदावली तर काम पुनर्वित्त, साठवणुकीचे प्रकल्प, कंपन्यांची खरेदी-विक्री आणि वाद यांकडे सरकेल. म्हणून स्वतःला सौर वकील म्हणवून घेऊ नका. कर्जदात्याची वकील व्हा. रस्ते, पारेषण, डेटा सेंटर, सगळीकडे तोच सांगाडा असतो.

मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात दोन पत्रं पाठवली असती: फर्मला वरच्या प्रश्नांचं, आणि बँकेला प्रकल्प कर्ज विभागात बदलीचं. फर्मची उत्तरं समाधानकारक आली तर जा. नाही आली आणि बदली मिळाली तर दीड-दोन वर्षं तिथे काढा. तेव्हा बाजारात तुमची किंमत आजच्यापेक्षा वेगळी असेल. दोन्ही नाही झालं तर इरेडासारख्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

जायचं ठरलं तर काही कोरड्या गोष्टी. राजीनाम्याची मुदत सहसा तीन महिन्यांची असते. ती कमी करून मिळेल असं फर्मला आधीच कबूल करू नका, आणि रिलीव्हिंग लेटर हातात येईपर्यंत थांबा. कर्मचारी म्हणून घेतलेलं घरकर्ज असेल तर नोकरी सोडल्यावर व्याजदर काय होतो ते आधी लेखी घ्या. सवलतीचा दर जातो आणि हप्ता वाढतो, त्यामुळे पगारवाढीचा हिशेब त्यानंतरच करा. पूर्णवेळ पगारी नोकरीमुळे बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे तुमची वकिलीची सनद स्थगित असेल. ती पुन्हा चालू करायचा अर्ज राज्य बार कौन्सिलकडे करावा लागेल, त्याला किती दिवस लागतात याची चौकशी आजच करा, कारण सनदेशिवाय फर्ममध्ये वकील म्हणून काम करता येणार नाही. बँकेचे नमुना करार किंवा फायलींच्या प्रती सोबत नेऊ नका, अगदी स्वतः तयार केलेल्या सुद्धा. आणि फर्म तुमच्या बँकेच्या पॅनेलवर असेल तर तुम्ही हाताळलेल्या खात्यांपासून तुम्हाला लांब ठेवलं जाईल असं रुजू होण्याआधीच लिहून घ्या.